चारपैकी दोन

अक्का ‘कॅन्सर’ हा शब्द पूर्ण उच्चारत, आणि तोही रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. आम्ही बाकीचे पेशंट त्याला ‘ते’ म्हणायचो. आमच्या घरात ‘पोटाचं’ म्हणत. नातेपुत्याहून माझी नणंद मला बघायला आली, तर ती होती तोवर तिनं त्याचं नाव म्हणून घेतलं नाही. फक्त मधूनमधून माझ्याकडे बघायची आणि पदर डोळ्यांना लावायची. अक्कांचं असलं काही नव्हतं. त्या रिक्षावाल्याला सांगत, “कॅन्सरचं पेशंट हाय बाबा, खड्डे चुकवून घे.” फळवाल्याला सांगत, “कॅन्सर झालाय मला, गोड बघून दे की.” तो बिचारा गाडा उलटापालटा करून पपई काढायचा. दवाखान्याच्या रांगेत मात्र ही मात्रा चालत नसे, कारण तिथे सगळेच कॅन्सरवाले. मग त्या म्हणत, “माझं आतड्याचं हाय, मला सारकं उठावं लागतंय. पुढं बसू द्या.” आणि पुढे जाऊन बसत. माझंही आतड्याचंच होतं, पण मी कधी उठून पुढे गेले नाही. आवाजच फुटायचा नाही.

आमची दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात, एकाच सर्जनच्या हातून झाली आणि आमच्या खाटा शेजारी शेजारी आल्या. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. नवरा कधीच गेलेला. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिरांचा टॉवेलचा कारखाना होता, तिथे टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या आणि गठ्ठे बांधणाऱ्या बायकांवर अक्कांची देखरेख असे. त्यामुळे ज्याच्याशी ओळख होईल त्याला त्या टॉवेल देत. सर्जनना दिला, सिस्टरना दिला, फरशी पुसणाऱ्या मावशींना दिला. मला गुलाबी मिळाला. मला गुलाबी आवडत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘टीचर’ म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत सगळा वॉर्ड टीचर म्हणू लागला.

खरं सांगायचं तर त्यांच्यावर जळायला मी तिथेच सुरुवात केली, आणि ती त्यांच्या मुलीवरून. स्वप्ना एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करायची. सुटली की तशीच दवाखान्यात यायची, आईचे पाय चेपायची, केसांचा गुंता हळूहळू सोडवून वेणी घालायची, आणि दोघी तेलुगूत काहीतरी बोलून टाके दुखेपर्यंत हसायच्या. माझा मुलगा पुण्याहून आला होता. चांगला आहे तो, त्याच्याविरुद्ध कुणी एक शब्द बोललेला मी ऐकून घेणार नाही. पण तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, फोनकडे बघायचा आणि म्हणायचा, “आई, काही लागलं तर सांग हं.” आता वेणी घालून दे, असं कुणी मुलाला सांगतं का? मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग स्वप्ना माझ्याकडे यायची आणि “टीचर, तुमची पण घालू?” असं विचारायची. मी नको म्हणायचे.

मग गाठींचे रिपोर्ट आले. त्यात चार प्रोटीनांची तपासणी होती. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून झालेली ती नावं. माझ्या रिपोर्टात चारही ‘आहेत’ होती. अक्कांच्या रिपोर्टात दोन ‘आहेत’ आणि दोन ‘नाहीत’. जन्मभर पेपर तपासलेली बाई मी; चारपैकी चार बघून पोटातली कळसुद्धा जरा थांबली. अक्कांची मला मनापासून दया आली. दोन प्रोटीनं कमी म्हणजे बाईचं कसं व्हायचं! कॅन्सरचे डॉक्टर रजेवर होते, ते आल्यावर समजावून सांगणार होते, तोवर आम्हीच उपाय सुरू केले. स्वप्नानं प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला. दिरांच्या घरून मोड आलेल्या मटकीचे डबे आले. माझ्या नणंदेनं गावाकडून अंडी आणली होती, तीही मी उकडून अक्कांना दिली, वर शेंगाची चटणी. “खा अक्का, तुम्हाला जास्त गरज आहे,” मी म्हणत असे. अक्का खात आणि म्हणत, “टीचर, तुमच्यासारकी माणसं हाईत म्हणून जग चाललंय.” त्या आठवड्यात मी जितकी चांगली बाई होते, तितकी आधी कधी नव्हते आणि पुढेही झाले नाही.

डॉक्टर रजेवरून आले आणि आम्हाला दोघींना एकदमच आत बोलावलं. मटकीची हकीगत ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “ही खाण्यातली प्रोटीनं नव्हेत. पेशीची दुसरी पेशी होते तेव्हा आतल्या सगळ्या मजकुराची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करणारी ही प्रोटीनं. अक्कांच्या गाठीत त्यातली दोन नाहीत, म्हणून ती गाठ चुकांनी भरलेली आहे. इतक्या चुका असल्या की शरीराला ती परकी वाटते आणि ते तिच्यावर तुटून पडतं. अशी गाठ या टप्प्यावर निघाली तर सहसा परत येत नाही. अक्का, तुम्हाला केमो नको. केमोच्या नेहमीच्या गोळ्यांचा तुम्हाला फायदाही होणार नाही.”

मग ते माझ्याकडे वळले. माझी गाठ आतड्यात अडकून बसली होती, तातडीनं पोट उघडावं लागलं होतं. त्यामुळे परत येण्याचा धोका जास्त आणि केमो घ्यायची.

“पण माझ्यात चारही आहेत ना?” मी विचारलं.

“हो,” डॉक्टर म्हणाले. “म्हणूनच.”

बाहेर आल्यावर अक्कांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय. मग त्यांच्यानं राहवेना. “म्हंजे मी नापास होऊन वरच्या वर्गात गेले, आन् टीचर पास होऊन हितंच ऱ्हायल्या की!” असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की सिस्टर धावत आल्या. मी माझी अंडी आठवत होते. डॉक्टर जाता जाता अक्कांना म्हणाले होते, की तुमच्या रक्ताची आणखी एक तपासणी बाहेर पाठवायची आहे, तिचं नंतर बोलू. रागाच्या भरात माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

माझी केमो ऐन मे महिन्यात आली. त्या औषधानं एक विचित्र गोष्ट होते: गार काही सोसत नाही. गार पाण्याचा घोट घेतला की घशात काटे उभे राहतात, थंड भांड्याला हात लागला की बोटांत वीज गेल्यासारखं होतं. सोलापूरचा मे. बाहेर डांबर वितळतंय, पंखा गरम वारा फेकतोय, आणि मी कोमट पाणी फुंकून पितेय. अशा दुपारी अक्का मला भेटायला यायच्या. घाम पुसायच्या, स्वयंपाकघरात जाऊन माझ्याच माठातलं पाणी तांब्याभर घ्यायच्या आणि माझ्या समोर बसून मान वर करून वरूनच घटाघट प्यायच्या. शेवटी म्हणायच्या, “अय्यो, काय गार हाय हो टीचर, तुमचा माठ!” शेजारणींच्या अंगावरचे दागिने बघून मला कधी काही वाटलं नाही. पण त्या तांब्यावरून मी अक्कांना मनातल्या मनात जे काही बोलले, ते एका निवृत्त शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

केमो संपल्यावर दोघींच्या तपासण्या सुरू झाल्या. ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचं आणि त्यात सीईए नावाचं प्रोटीन किती आहे ते बघायचं. ते चढायला लागलं तर आत काहीतरी परत सुरू झालं असावं, असा संशय घ्यायचा. अक्कांचा आकडा कायम तळाशी. माझा नॉर्मलच, पण उंबऱ्यावर बसलेला, कधीही बाहेर पाय टाकेल असा. आम्ही मुद्दाम एकाच दिवशी जायचो. निकाल हातात पडला की अक्का विचारायच्या, “तुमचा किती?” मी सांगायचे. “बरा हाय की,” असं म्हणून त्या आपला सांगायच्या. मी कौतुक करायचे. एकदा असं कौतुक करताना त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “टीचर, तुमी माझ्यावर जळायलात. कळतंय मला.”

मी रिपोर्टाची घडी घालू लागले.

“जळा की. मी तुमच्या जागी असते तर मीबी जळले असते. पर मला आदीच सांगून ठेवते, मी काय मुद्दाम चांगली ऱ्हायले न्हाय.” आणि पिशवीतून चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली. बाईवर धड रागावताही येत नसे.

पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा त्यांनी माझा आकडा विचारला नाही. रांगेत पुढे घुसल्या नाहीत. खिडकीजवळच्या बाकावर बसून राहिल्या. स्वप्नाला बरोबर आणलं नव्हतं. मी जवळ गेले तर एवढ्या हळू बोलल्या, की मला कान पुढे करावा लागला. मध्यंतरी राहून गेलेली ती बाहेर पाठवायची रक्ताची तपासणी शेवटी झाली होती, तिचा निकाल आला होता. दोन प्रोटीनं नुसती गाठीपुरती गेलेली नव्हती. ती ज्यामुळे गेली तो दोष अक्कांच्या रक्तात जन्मापासून होता. त्यांच्या वडलांकडून आलेला असणार. वडील आणि एक आत्या, दोघंही ऐन उमेदीत पोटात गाठ होऊन गेले होते आणि ते नशीब म्हणून सोडून दिलं होतं. आता डॉक्टर म्हणत होते, हाच दोष स्वप्नाच्या रक्तात असण्याची शक्यता निम्मी आहे. असला तर तिलाही हे दुखणं होऊ शकतं, तेही लवकर. तिचं रक्त तपासायला हवं.

“तुमचं तुमच्यापाशी संपलं, टीचर,” अक्का म्हणाल्या. “माझं पुडं गेलंय. तुमचा मला लई हेवा वाटायलाय. कोमट पानी प्याला, पर पोराला काय दिलं न्हाय तुमी.”

माझा हेवा आजवर कुणी केला नव्हता. रूप बेताचं, पगार बेताचा, नवरा लवकर गेलेला. करण्यासारखं काही नव्हतंच. आणि आता केला तो या बाईनं, जिच्यावर मी वर्षभर जळत होते. मला धड सांत्वन करता येईना आणि रडूही आवरेना. घरी आल्यावर मी काही काम नसताना मुलाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. “बरी आहेस ना?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, तू बरा आहेस ना, एवढंच विचारायचं होतं.

स्वप्नाला सांगायचं कुणी? फळवाल्याला, रिक्षावाल्याला, वाटेत भेटेल त्याला कॅन्सर सांगत सुटलेल्या अक्कांना आपल्या पोरीसमोर तोंड उघडेना. “तुमाला समजवायला येतंय. तुमी सांगा,” असं त्यांनी मला तीनतीनदा विनवलं. मी गेले. त्यांचं घर कारखान्याला लागूनच. मागांच्या खडखडाटात प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागत होतं, आणि असली गोष्ट ओरडून सांगणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. अक्का आतल्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून होत्या. स्वप्नानं सगळं शांतपणे ऐकलं. तिला भीती वाटली हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: “टीचर, माझ्यात असलं तर आईला काय वाटेल? ती स्वतःला दोष देत बसेल. तिला आधी कसं सांगायचं?”

त्या प्रसंगातसुद्धा माझ्या पोटात जळलं. समोर एवढं संकट उभं असताना मी मनात म्हणत होते, अक्का, असली मुलगी तुम्हाला कुठून मिळाली!

निकाल आला. स्वप्नाच्या रक्तात तो दोष होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता दरवर्षी नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. काही उगवताना दिसलं तर तिथल्या तिथे काढून टाकायचं. पहिल्याच तपासणीत एक कोंब सापडला. वाटाण्याएवढा. नळीतूनच काढला, तपासायला पाठवला. अजून कॅन्सर झालेला नव्हता. तसाच राहिला असता तर काही वर्षांत झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

अक्कांचा आवाज परत आला तो तिथे, दवाखान्याच्या भरलेल्या हॉलमध्ये. उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “माझ्या कॅन्सरनं माझ्या पोरीला वाचिवलं!” लोक बावरून बघत राहिले. एका म्हाताऱ्यानं तर टाळ्या वाजवल्या. अक्कांनी पिशवीत जेवढे टॉवेल होते तेवढे वाटून टाकले. मी बाकावर बसून होते. आनंद झाला होता, पोरीसाठी फार झाला होता. पण मनात आलंच, की माझ्या दुखण्याचा कुणाला काय उपयोग झाला? केस विरळ झाले, बोटं बधिर झाली, अजून ब्लाऊजचे हुक लावताना दहा वेळा सुटतात. मी सगळं सोसलं आणि त्यातून एवढंच निघालं, की मी जिवंत आहे. या बाईनं काही न सोसता मुलीचा जीव वाचवला आणि वर भाषण केलं.

त्याच हिवाळ्यात स्वप्नाला भिवंडीचं एक स्थळ आलं. माणसं चांगली होती, मुलगाही. बैठकीला अक्कांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. पोहे झाले, चहा आला, आणि अक्कांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. मला कॅन्सर झाला, पोरीच्या रक्तात ते हाय, दरवर्षी नळी घालून बघावं लागतंय, बघितलं तर भ्यायचं कारण न्हाय. मी खालून त्यांचा पदर ओढत होते. पाहुण्यांनी चहा अर्धाच पिऊन कपबशा खाली ठेवल्या. कळवतो म्हणाले. नंतर त्यांचा फोन आला नाही. मी अक्कांना खूप बोलले. म्हटलं, लग्नानंतर सावकाश सांगता आलं असतं, आत्ताच कुठे आग लागली होती?

“लपवून लगीन केलं तर लपवून ऱ्हावं लागंल,” अक्का म्हणाल्या. “मग सासूला काय सांगून जाईल ती नळी घालायला? एक वरीस चुकवंल, दुसरं चुकवंल. लगीन मोडलं तर मोडू दे, टीचर. तपासनी चुकायला नको.”

पुढे स्वप्नानं तिच्याच ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. त्याला सगळं तिनंच सांगितलं होतं. लग्नात अक्कांनी मला स्वप्नाची मावशी म्हणून उभं केलं आणि सगळ्या पाहुण्यांना ओळख करून दिली, “या टीचर. यांच्यात चारबी हाईत.” कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी आदरानं नमस्कार केला.

अक्कांचा कॅन्सर परत आला नाही. डॉक्टरांनी त्या दोन प्रोटीनांवरून जे सांगितलं होतं ते तंतोतंत खरं झालं. पण ते आतड्यापुरतं होतं. गेल्या वर्षी, श्रावणात, कारखान्यात गठ्ठे मोजून घेत असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. मला फोन आला तेव्हा माझा पहिला शब्द होता, “कसं शक्य आहे?” त्या दिवशी मला कळलं, की अक्का माझ्या मागे राहणार असं मी केव्हाच धरून चालले होते. माझं सगळं त्यांनीच करायचं, मोठ्यानं रडायचं, माझ्या मुलाला सांगायचं की टीचर कशा होत्या. त्यांच्या चांगल्या रिपोर्टावर जळता जळता मी त्याच्यावर भिस्तही ठेवून होते.

परवा स्वप्नाची या वर्षीची तपासणी होती. तिच्या नवऱ्याला रजा मिळणार होती, पण मी त्याला म्हटलं, तू कामावर जा, मी आहे. त्याला जरा राग आला असावा. आला तर आला. सकाळी मी तिच्याबरोबर गेले, तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र रुमालात बांधून हातात घट्ट धरून बसले. पुष्कळ वेळानं सिस्टरनं पडद्यातून डोकं बाहेर काढून विचारलं, “स्वप्नाच्या आई कोण?” मी उठले. सिस्टर म्हणाल्या, सगळं स्वच्छ आहे, काही सापडलं नाही, आत येऊन बसा. मी आत गेले. स्वप्ना भुलीच्या औषधानं अर्धवट झोपेत होती. सिस्टर तिचा गाल थोपटत म्हणाल्या, “उठा आता, आई आल्यात तुमच्या.”

स्वप्नानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द अगदी स्पष्ट काढला.

“आई नाहीत त्या. माझी आई गेली. त्या टीचर आहेत.”

आणि पुन्हा झोपी गेली. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, पायांवरचं पांघरूण नीट केलं, आणि त्या लोखंडी स्टुलावर बसून मेलेल्या बाईवर जळत राहिले.